रग्बीच्या सामन्याचा हिशेब आणि बी.कॉम.नंतरचा रस्ता : रावेर तालुक्यातील एका पालकांना उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपले पत्र मिळाले. आपली कन्या जळगाव येथे बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला शिकते आणि शाळेत असताना ती सात खेळाडूंची रग्बी जिल्हा पातळीपर्यंत खेळली आहे. 2025 च्या सप्टेंबरमध्ये लंडनच्या ट्विकनहॅम मैदानावर महिला विश्वचषकाचा अंतिम सामना 81,885 प्रेक्षकांनी पाहिला, हे वाचल्यापासून पुढे रग्बीच्या व्यवस्थापनातच काम करायचे, असे तिने ठरवले आहे. एका खासगी संस्थेने क्रीडा व्यवस्थापनाच्या एक वर्षाच्या पदविकेसाठी साडेचार लाख रुपये शुल्क सांगितले असून, त्यासाठी शेतजमिनीवर कर्ज काढावे का, असे आपण विचारले आहे. मुलीचा कल चुकीचा आहे असे मला मुळीच वाटत नाही. मात्र ज्या आकड्याने ती भारावली आहे, त्या आकड्यामागचा हिशेब तिने आणि आपण समजून घेतल्याशिवाय कर्जाचा विचार करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

गर्दी आणि नफा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपण केळी पिकवता, त्यामुळे फलकावर लागलेला भाव आणि कटाई, मजुरी, वाहतूक, वजनातली घट वजा जाता हातात पडणारी रक्कम यांतला फरक आपल्याला सांगायला नको. सामन्याच्या दिवशी क्लबकडे तिकिटांचा, खाद्यपेयांचा, वाहनतळाचा, जर्सींच्या विक्रीचा आणि कंपन्यांनी घेतलेल्या खास कक्षांचा पैसा येतो, आणि या शेवटच्या बाबीत दर माणशी मिळकत सर्वांत जास्त असते. त्यातून मैदानावरचे सुरक्षा कर्मचारी, वैद्यकीय पथक, प्रकाशझोत, स्वच्छता आणि विमा यांचा खर्च त्याच दिवशी जातो. खेळाडू व प्रशिक्षकांचे पगार मात्र बाराही महिने द्यावे लागतात. इंग्लंडच्या प्रीमियरशिप या क्लब रग्बीच्या प्रमुख स्पर्धेत सध्या दहा क्लब आहेत, म्हणजे साखळीत प्रत्येकाला अठरा सामने मिळतात आणि त्यांतले नऊच घरच्या मैदानावर होतात. चषकाचे काही सामने धरले तरी वर्षातले बहुतेक दिवस मैदान रिकामेच असते, आणि वर्षभराचा खर्च त्या मोजक्या दिवसांच्या मिळकतीवर उभा असतो.

या बाबतीत वॉस्प्स या नामांकित क्लबचा इतिहास मुलीने काळजीपूर्वक वाचावा. हा क्लब 2014 मध्ये आपला परिसर सोडून कॉव्हेंट्री येथील मोठ्या स्टेडियमवर गेला, ते स्टेडियम त्याने विकत घेतले, आणि त्या डिसेंबरमधल्या तेथील पहिल्याच सामन्याला 28,254 प्रेक्षक आले. पुढच्या वर्षी क्लबने साडेसहा टक्के व्याजाचे साडेतीन कोटी पौंडांचे रोखे काढले, म्हणजे लोकांकडून कर्ज उभारले. मे 2022 मध्ये त्यांची मुदत संपली तेव्हा परतफेड करता आली नाही, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये दिवाळखोरीमुळे क्लब प्रशासकांच्या ताब्यात गेला. त्याच्या आधीच्याच महिन्यात वूस्टर वॉरियर्स या क्लबचीही हीच गत झाली होती, आणि जून 2023 मध्ये लंडन आयरिश क्लबलाही आर्थिक अडचणींमुळे स्पर्धेबाहेर जावे लागले. तेरा क्लबांची स्पर्धा अशी दहांवर आली. करोनाकाळात रिकामी राहिलेली मैदाने हे एक कारण खरेच होते, परंतु पगार, कर्ज आणि मालकांच्या खिशावरची भिस्त हे दुखणे त्याहून जुने होते. रग्बी युनियन (हे क्लब खेळतात तो रग्बीचा प्रकार) हा खेळ 1995 पर्यंत अधिकृतपणे हौशीच होता, ही गोष्ट येथे लक्षात ठेवावी. फुटबॉलच्या क्लबांनी शंभर वर्षांत बसवलेली घडी या क्लबांना फार थोड्या काळात बसवावी लागली.

मग ट्विकनहॅमच्या 82,000 आसनांचा पैसा कोणाला मिळतो? ते मैदान क्लबांचे नसून रग्बी फुटबॉल युनियनचे, म्हणजे राष्ट्रीय संघटनेचे आहे. राष्ट्रीय संघाचे सामने हे तिचे मुख्य उत्पन्न, आणि त्यातला ठरावीक वाटा करारानुसार क्लबांना मिळतो. 2024 च्या आठ वर्षांच्या कराराने ती रक्कम वर्षाला सुमारे 3 कोटी 30 लाख पौंड आहे. या संघटनेला 2023-24 या वर्षी 3 कोटी 79 लाख पौंडांचा तोटा झाला. ज्या वर्षी पुरुषांचा विश्वचषक असतो, त्या वर्षी शरद ऋतूतील घरच्या सामन्यांची नेहमीची मालिका होत नाही आणि उत्पन्न घसरते. म्हणून अशा संस्थेचे हिशेब एकेक वर्षाचे न पाहता चार वर्षांचे चक्र धरून वाचावे लागतात. ज्या विद्यार्थिनीला अशा गोष्टींची उत्सुकता वाटते, तिला या क्षेत्रात खरोखर काम आहे.

प्रक्षेपणाचे गणित आणखी वेगळे आहे. फ्रान्सच्या टॉप 14 या क्लब स्पर्धेचे 2023 ते 2027 या चार हंगामांचे हक्क कनाल प्लस या पैसे भरून पाहायच्या वाहिनीने सुमारे 45 कोटी 40 लाख युरोंना घेतले. इंग्लंडच्या क्लब स्पर्धेला एवढी किंमत मिळत नाही. पैसे भरून पाहायच्या वाहिनीकडून हक्कांची रक्कम जास्त येऊ शकते, पण घराघरांत खेळ पोहोचत नाही, आणि प्रायोजकाला तर पोहोच हवी असते. सिक्स नेशन्स ही युरोपातील सहा राष्ट्रीय संघांची स्पर्धा ब्रिटनमध्ये विनामूल्य दिसते, यामागे हेच कारण मोठे आहे. महिला विश्वचषकाचा तो अंतिम सामना बीबीसीवर एका क्षणी 58 लाख लोक पाहत होते, असा आकडा प्रसिद्ध झाला. तो कमाल आकडा आहे. पूर्ण सामन्याची सरासरी त्याहून कमी असते आणि काही मिनिटे तरी डोकावलेल्यांची संख्या त्याहून जास्त. जाहिरातीचा दर ठरवताना कोणता आकडा धरायचा, यावर वाहिनी आणि प्रायोजक यांची खरी ओढाताण होते. संख्याशास्त्र नीट शिकलेल्या मुलीला तेथे मान आहे, आणि हे शिकायला रग्बीच असली पाहिजे असेही नाही. आपल्याकडे बार्क ही संस्था दूरचित्रवाणीच्या प्रेक्षकांचे मोजमाप करते, आणि कबड्डीपासून क्रिकेटपर्यंत सगळ्यांना ते लागते.

भारतात 2025 च्या जूनमध्ये रग्बी प्रीमियर लीग सुरू झाली. सहा फ्रँचायझी, सात खेळाडूंचा प्रकार आणि सर्व सामने मुंबईत अंधेरीच्या क्रीडासंकुलात. एकाच मैदानामुळे खर्च आवाक्यात राहतो, पण घरच्या प्रेक्षकांकडून मिळणारे उत्पन्न कोणत्याच संघाला उभे करता येत नाही, आणि सारा भार प्रायोजक व प्रक्षेपण यांवर पडतो. ही चांगली सुरुवात आहे आणि मला तिचे मनापासून कौतुक वाटते. तरीही आज तिच्यातून कायमस्वरूपी नोकऱ्या थोड्याच निघतील, हे आपल्याला सांगणे माझे कर्तव्य आहे. (इंग्लंड आणि स्कॉटलंड ज्या कलकत्ता चषकासाठी दरवर्षी खेळतात, तो कलकत्त्याचा एक रग्बी क्लब 1878 मध्ये बंद करताना उरलेल्या चांदीच्या रुपयांतून घडवला गेला. त्या सभासदांनी खाते बंद करतानाही पैशाचा चोख विनियोग केला.)

यावरून माझा सल्ला असा की, मुलीने आधी बी.कॉम. चांगल्या गुणांनी पूर्ण करावे. वाणिज्य पदवीला किमान 55 टक्के गुण मिळाले, तर सी.ए.च्या इंटरमीजिएट टप्प्याला फाउंडेशन परीक्षा न देता थेट प्रवेश मिळतो. पुढे आर्टिकलशिपमध्ये, म्हणजे सी.ए.च्या हाताखालच्या प्रत्यक्ष प्रशिक्षणात, विद्यावेतनही मिळते. तो मार्ग फार लांबचा वाटला, तर सी.एम.ए. (खर्च व व्यवस्थापन लेखापाल) किंवा संख्याशास्त्राची जोड असलेले एम.कॉम. यांचा विचार करावा. यांपैकी कोणतीही पात्रता साखर कारखान्यापासून क्रीडा संघटनेपर्यंत सर्वत्र चालते. पदविकेचे तसे नाही. ती पुढे, नोकरी करताना, स्वतःच्या कमाईतूनही करता येते.

दरम्यान तिने एक काम हाती घ्यावे, ज्याला पैसा लागत नाही. ब्रिटनमधील कंपन्यांचे दाखल झालेले ताळेबंद तेथील सरकारी नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर कोणालाही विनामूल्य पाहता येतात. प्रीमियरशिपमधील एखादा क्लब निवडून तिने त्याचे लागोपाठ चार वर्षांचे हिशेब उतरवावेत. सामन्याच्या दिवसाचे उत्पन्न, प्रक्षेपणाचा वाटा, पगार आणि मालकाने दिलेले कर्ज यांचे तक्ते एक्सेलमध्ये करावेत आणि त्यावर दहा पानी टिपण लिहावे. हे करताना तिचा रस वाढला, तर कल खरा आहे. कंटाळा आला, तर तिचे प्रेम खेळावर आहे, खेळाच्या हिशेबावर नाही. मग बी.पी.एड. ही शारीरिक शिक्षणाची पदवी घेऊन प्रशिक्षणाकडे वळणे तिच्या स्वभावाला अधिक मानवेल.

त्या खासगी संस्थेकडून मात्र काही गोष्टी लेखी मागाव्यात : पदविकेला मान्यता कोणाची आहे, मागील दोन तुकड्यांतील किती जणांना पगारी नोकरी लागली, ती कोणत्या पदावर आणि कोणत्या वेतनावर लागली, आणि मध्येच प्रवेश रद्द केल्यास शुल्क परत मिळते का. माहितीपत्रकावरील स्टेडियमची छायाचित्रे हे यांपैकी कशाचेच उत्तर नव्हे. उत्तरे मिळाली तर ती मुलीच्या आतापर्यंतच्या गुणपत्रकांसह माझ्याकडे पाठवावीत, म्हणजे पुढचे नेमके सांगता येईल. तोपर्यंत सातबारावर बोजा चढवू नये.