जुन्या सी१० पिकअपमधला ऑटोमॅटिक काढून मॅन्युअल गिअरबॉक्स बसवायचाय: कुठला घ्यावा, आणि स्वतःच्या हाताने जमेल का?

तुमचा प्रश्न: गाडी १९७१ ची शेव्हरोले सी१०, ३५० क्युबिक इंचाचं व्ही८ इंजिन आणि मागे टीएच३५०, म्हणजे तीन गिअरचा ऑटोमॅटिक. तो काढून मॅन्युअल टाकायचा आहे, तर कुठला गिअरबॉक्स घ्यावा आणि हे काम स्वतः करता येईल का?

करता येईल. माझ्या १९७० च्या सी१० वर मी हेच काम केलं. एकदा नाही, दोनदा. पहिल्या वेळी एक माप घ्यायचं टाळलं, म्हणून सगळं पुन्हा उतरवावं लागलं. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहितो, कारण गिअरबॉक्सच्या निवडीपेक्षा मला ते महत्त्वाचं वाटतं.

निवडीच्या आधी मागच्या ॲक्सलचा रेशो काढा, म्हणजे चाकांच्या एका फेऱ्यात प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागच्या ॲक्सलपर्यंत जाणारा लांब दांडा) किती वेळा फिरतो ते. पुढच्या चाकांना ठोकळे लावा, गिअर न्यूट्रलला ठेवा आणि मागचं एकच चाक उचला. ते चाक हाताने बरोबर दोन फेरे फिरवा (दुसरं चाक थांबलेलं असताना याचे दोन फेरे म्हणजे दोन्ही चाकांचा एक) आणि तेवढ्यात प्रोपेलर शाफ्ट किती वेळा फिरला ते मोजा. पावणेचारला थोडा कमी पडला तर ३.७३, तीनच्या किंचित पुढे गेला तर ३.०७. शाफ्टवर आणि शेजारी खडूने खूण करा, नाहीतर मोजणी चुकते. लिमिटेड स्लिप डिफरन्शियल (मागची दोन चाकं एकमेकांपासून फारशी वेगळी फिरू न देणारं) असेल तर दोन्ही चाकं उचलून एकच फेरा मोजायचा.

आता हिशोब बघा. टायरचा व्यास २८ इंच धरला तर ताशी १०० किलोमीटरला चाक मिनिटाला साधारण ७४६ वेळा फिरतं. ३.७३ च्या ॲक्सलवर, शेवटचा गिअर सरळ १:१ असेल तर इंजिन २,७८० च्या आसपास फिरेल. तेच ०.७३ चा ओव्हरड्राइव्ह, म्हणजे इंजिनापेक्षा शाफ्ट जास्त फिरवणारा गिअर, असेल तर २,०३० वर येईल आणि लांबच्या प्रवासात कानाला फार बरं वाटेल. पण ॲक्सल ३.०७ असेल तर त्याच ओव्हरड्राइव्हवर इंजिन १,६७० पर्यंत खाली येतं. जुनं कार्ब्युरेटरचं इंजिन तिथे चढावर खेचत नाही, गुदमरतं, आणि पाचवा गिअर नुसता शोभेचा उरतो. अशा गाडीला चार गिअरचाच बॉक्स बरा, किंवा आधी क्राउन-पिनियन (ॲक्सलमधली रेशो ठरवणारी गिअरची जोडी) बदलावा लागेल.

या पिकअपमध्ये कंपनीनेच दिलेला चार गिअरचा बॉक्स म्हणजे एसएम४६५. ओतीव लोखंडाचा, वजन ८० किलोच्या आसपास, आणि सहजासहजी न मोडणारा. त्याचा पहिला गिअर ६.५५ चा आहे. ३.७३ च्या ॲक्सलवर त्या गिअरमध्ये इंजिन ३,००० ला नेलं तरी गाडी ताशी १६ किलोमीटरच्या जेमतेम पुढे जाते. म्हणून रिकामी गाडी लोक दुसऱ्या गिअरमध्येच उचलतात आणि पहिला ओझ्यासाठी राखून ठेवतात. ट्रेलर ओढणार असाल, शेतात गाडी घालणार असाल तर यासारखा दुसरा नाही. रोजच्या रस्त्यावर मात्र तो संथ आहे आणि त्याला ओव्हरड्राइव्ह नाही.

मी घेतला एनव्ही३५००. हा १९९० च्या दशकातल्या जीएमच्या (शेव्हरोलेची मूळ कंपनी) पिकअपमध्ये यायचा. पाच गिअर, पहिला ४.०२, पाचवा ०.७३. माझं इंजिन मुळातलंच, फारसं न ताणलेलं, त्यामुळे त्याला तो पुरतो. जोरदार बांधलेल्या इंजिनाला पुरणार नाही. तिथे ट्रेमेकचा टीकेएक्स बघा. कुठलाही घ्या, पण घेण्याआधी गिअरची दांडी फ्लोअरमध्ये नेमकी कुठे येते ते मोजा. कारसाठी बनवलेल्या बॉक्सची दांडी बरीच मागे असते आणि सी१० मध्ये ती थेट बेंच सीटखाली निघते.

आता ते राहिलेलं माप. ऑटोमॅटिकमध्ये टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाचा जोर तेलातून पुढे नेणारा भाग) असतो आणि इंजिन व गिअरबॉक्सच्या मध्यरेषेतला थोडाफार फरक तो सांभाळून घेतो. मॅन्युअलमध्ये असं कुणी नसतं. गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट पुढच्या टोकाला क्रँकशाफ्टमधल्या (इंजिनाचा मुख्य फिरता दांडा) पायलट बुशमध्ये, म्हणजे एका छोट्या पितळी नळीत टेकतो आणि मागे स्वतःच्या बेअरिंगवर. गिअरबॉक्स कुठे बसणार हे बेल हाउसिंगचं (इंजिन आणि गिअरबॉक्सला जोडणारं घंटेच्या आकाराचं आवरण) मागचं भोक ठरवतं. ते भोक क्रँकच्या मध्याशी जुळलं नाही, तर शाफ्ट प्रत्येक फेऱ्याला बुश घासत राहतो.

माझ्या बॉक्सचं बेल हाउसिंग वेगळं होतं आणि ते दुसऱ्याच इंजिनावरून काढलेलं. बोल्ट छान बसले, म्हणून मी पुढे गेलो. सुरुवातीला सगळं गोड चाललं. काही महिन्यांनी रिव्हर्स टाकताना खरखर यायला लागली, मग क्लच पूर्ण दाबला तरी गाडी किंचित पुढे सरकायची, आणि शेवटी तिसरा गिअर आपोआप निसटायला लागला. उघडून पाहिलं तर पायलट बुश एका बाजूने खाल्लेला होता आणि त्याचा पितळी भुगा क्लच प्लेटवर पसरलेला.

दुसऱ्या वेळी डायल गेज (बारीक फरक काट्याने दाखवणारं मापयंत्र) लावलं. गेजचा चुंबकी पाया फ्लायव्हीलवर (क्रँकच्या मागच्या टोकावरचं जड चाक) ठेवायचा, टोक बेल हाउसिंगच्या भोकाच्या आतल्या कडेला टेकवायचं, स्पार्क प्लग काढून इंजिन हाताने एक पूर्ण फेरा फिरवायचं. काटा एकूण ०.००५ इंचाच्या आत हलायला हवा. माझा ०.०१४ हलला. गेज दाखवतं त्याच्या निम्मा खरा फरक असतो, म्हणून ०.००७ इंच मध्य सरकवणाऱ्या ऑफसेट डॉवेल पिना (बेल हाउसिंगची जागा पक्की करणाऱ्या खुंट्या) मिळतात, त्या घातल्या आणि फिरवून फिरवून काटा हद्दीत आणला. एका दुपारचं काम. त्या दुपारने गिअरबॉक्स वाचतो, हे मी आता कुणालाही सांगतो. भोकाबरोबर मागचा सपाट चेहराही गेजने तपासा.

फ्लायव्हील घेताना इंजिन खरंच कुठल्या सालचं आहे ते ब्लॉकवरच्या कास्टिंग नंबरवरून पक्कं करा. पन्नास वर्षांच्या गाडीत मूळ इंजिन असेलच असं नाही. १९८५ पर्यंतच्या छोट्या ब्लॉकला (शेव्हरोलेची ३५० सारखी व्ही८ इंजिनं) मागचं ऑइल सील दोन तुकड्यांचं आहे, १९८६ पासून एकसंध. दोघांच्या क्रँकवरची बोल्टची रचना वेगळी, आणि नव्या प्रकारच्या फ्लायव्हीलवर बॅलन्ससाठी जास्तीचं वजन असतं. ४०० क्युबिक इंचाचं इंजिन बाहेरून अगदी ३५० सारखंच दिसतं, पण त्याचा बॅलन्स निराळा. चुकीचं फ्लायव्हील लागलं तर इंजिन थरथरत राहील आणि तुम्ही दोष भलतीकडे शोधाल. शिवाय फ्लायव्हील दोन मापांत येतं, १५३ दात आणि १६८ दात. स्टार्टरचे दोन बोल्ट लहानाला सरळ रेषेत असतात, मोठ्याला तिरके. बेल हाउसिंगमध्ये मोठं मावतं का, तेही आधी बघा.

ऑटोमॅटिकच्या फ्लेक्सप्लेटचे (फ्लायव्हीलच्या जागी असणारी पातळ तबकडी) बोल्ट फ्लायव्हीलला वापरू नका. ते आखूड असतात, क्रँकमध्ये पुरेसे आटे पकडत नाहीत, आणि हे चाक तुमच्या पायांशेजारी फिरणार आहे. फ्लायव्हीलचेच नवे बोल्ट घ्या आणि टॉर्क पान्याने आवळा. जुन्या छोट्या ब्लॉकला ६० फूट-पाउंड.

गिअरबॉक्स चढवताना तो इनपुट शाफ्टवर लटकू देऊ नका. क्लच प्लेटचा मधला भाग वाकतो. खाली ट्रान्समिशन जॅक हवाच. शेवटचा सेंटिमीटर जात नसेल तर बोल्टने ओढून घेण्याचा मोह होतो, पण त्यात गिअरबॉक्सच्या कवचाचा कान तडकतो. जात नाही म्हणजे क्लच प्लेट मध्यावर नाही. मागे घ्या, नीट करा, मग तो हाताने सरकत जातो.

क्लच दाबायची यंत्रणा दोन प्रकारची. मूळची म्हणजे दांड्या आणि झेड-बार (पेडलचा जोर क्लचकडे वळवणारा आडवा दांडा): साधी, रस्त्यात दुरुस्त होणारी, पण लांब नळ्यांचे एक्झॉस्ट हेडर असतील तर त्यांना अडते. दुसरी हायड्रॉलिक. तीत स्लेव्ह सिलिंडर (क्लच ढकलणारा) बाहेर, क्लच फोर्कवर बसणारा असेल तर उत्तम. रिलीज बेअरिंगच्या जोडीने आतच बसणाराही मिळतो, पण तो गळला की पूर्ण गिअरबॉक्स उतरवावा लागतो, म्हणून मी घेत नाही. मास्टर सिलिंडर (पेडलने दाबला जाणारा) फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीच्या, पातळ पत्र्यावर नुसता लावू नका. पेडल दाबलं की पत्रा वाकतो, क्लच अर्धाच सुटतो, आणि कालांतराने तिथे चीर पडते. मागून जाड पट्टी द्या. पेडलचा अख्खा संच त्याच पिढीच्या मॅन्युअल गाडीतून घेतला तर पुष्कळ खटपट वाचते.

प्रोपेलर शाफ्टचं माप सर्वात शेवटी, गाडीचं वजन चाकांवर असताना. पुढचा सरकता योक (शाफ्टचं गिअरबॉक्समध्ये शिरणारं टोक) पूर्ण आत ढकलून मग २० ते २५ मिलिमीटर बाहेर ठेवायचा. एकसंध शाफ्ट असेल तर गिअरबॉक्सचा आउटपुट आणि डिफरन्शियलचं पिनियन समांतर हवेत आणि दोन्ही क्रॉसवरचा (शाफ्टच्या टोकांचे सांधे) कोन १ ते ३ अंशांत सारखा. लांब गाडीत शाफ्ट दोन तुकड्यांचा असतो, तिथे मधलं बेअरिंगही याच वेळी बदलून टाका.

बाकीची कामं छोटी आहेत. रेडिएटरला जाणाऱ्या ऑइल कूलरच्या नळ्या काढून तोंडं बंद करा, मॅनिफोल्डवरून व्हॅक्यूम मॉड्युलेटरला जाणारी जोडणीही. स्पीडोमीटरचा छोटा गिअर नव्या बॉक्सप्रमाणे बदला. न्यूट्रल सेफ्टी स्विचच्या (ऑटोमॅटिक गिअरमध्ये असताना स्टार्टर अडवणारा) तारा नुसत्या जोडून टाकू नका, क्लच पेडलवर स्विच लावून तिथे न्या, म्हणजे क्लच दाबल्याशिवाय स्टार्टर फिरणार नाही. रिव्हर्स लाइटची तार गिअरबॉक्सवरच्या स्विचला. आणि हँडब्रेक दुरुस्त करा! आजवर ‘पार्क’ने गाडी धरून ठेवली होती, उतारावर आता तो नाही.

ऑइल बॉक्स मागेल तेच घाला. एनव्ही३५०० ला सिंक्रोमेश ऑइल (मॅन्युअल गिअरबॉक्ससाठीचं पातळ ऑइल) लागतं. त्यात जाड गिअर ऑइल घातलं तर थंडीत गिअर पडत नाहीत.

ॲक्सलचा रेशो आणि ब्लॉकवरचा कास्टिंग नंबर इथे लिहा. त्यावरून फ्लायव्हील कुठलं लागेल ते सांगतो.