‘विकसित होणारी’ की ‘उत्क्रांत होत जाणारी’?

प्रश्न असा: एका प्रदर्शनातल्या चित्राच्या माहितीफलकासाठी ‘प्रेक्षकांच्या सहभागातून विकसित होणारी संगणकनिर्मित अमूर्त कला’ असे लिहिले आहे. ‘विकसित’ योग्य, की ‘उत्क्रांत’?

कलाकृती कशी चालते त्यावर हे ठरेल. संगणक-कलाकार कार्ल सिम्स यांची ‘जेनेटिक इमेजेस’ ही कलाकृती घ्या. १९९३ मध्ये ती पॅरिसच्या पोम्पिदू कलाकेंद्रात मांडली होती. सोळा पडदे, प्रत्येकावर संगणकाने गणिती सूत्रातून काढलेले एक चित्र आणि प्रत्येकासमोर जमिनीवर संवेदक. आवडलेल्या चित्रासमोर उभे राहायचे. निवडलेली चित्रे टिकत, उरलेली बाद होत. बाद झालेल्यांच्या जागी निवडलेल्यांची ‘संतती’ येई: आईबापांच्या सूत्रांचा संकर, वर थोडे उत्परिवर्तन, म्हणजे सूत्रात आपोआप होणारा यादृच्छिक बदल. इथे पिढी आहे, वारसा आहे, निवड आहे. म्हणून ‘उत्क्रांत’च हवे. स्कॉट ड्रेव्ह्ज यांच्या ‘इलेक्ट्रिक शीप’ या १९९९ पासूनच्या स्क्रीनसेव्हरलाही हाच शब्द लागू पडतो. तिथे लोक पडद्यावरच्या आकृत्यांना बाणांच्या कळा दाबून मत देतात आणि आवडलेल्यांपासून पुढची पिढी निघते.

‘विकास’मध्ये मूळ अर्थ उमलण्याचा. कळीत असते तेच फुलते. संकरातून मात्र कोणी न योजलेले रूप निघते, आणि ‘विकसित’ म्हटले की नेमके हेच हरवते. शिवाय वाचकाला वाटते, कलाकाराने प्रेक्षकांच्या सूचना ऐकून काम सुधारले.

‘उत्क्रांती’त ‘क्रम्’ धातू आहे, पाऊल टाकणे. क्रांती, संक्रांती त्याच घरातल्या. वेदान्तात उत्क्रांती म्हणजे जीवाने देह सोडून निघणे. जीवशास्त्रातला अर्थ मराठीत अलीकडचा, पण आता पक्का रुजलेला. पॅरिसला प्रेक्षक खरोखरच पाऊल टाकून निवड करत होते, त्यामुळे तिथे तर हा शब्द धातूपर्यंत जुळतो!

हात हलवला की आकार हलतो आणि माणूस गेला की पूर्ववत होतो, अशा कलाकृतीला मात्र ‘उत्क्रांत’ लावू नये. तिथे पुढच्या पिढीकडे काहीच जात नाही. ‘प्रेक्षकांच्या हालचालींनुसार बदलणारी’ एवढे साधे लिहावे.

एक व्याकरणाची अडचण आहे. ‘उत्क्रांत’ हे भूतकाळवाचक धातुसाधित. ‘उत्क्रांत कला’ म्हटले की प्रक्रिया संपल्यासारखी वाटते. ‘होत जाणे’ जोडले की ती चालू राहते. ‘प्रेक्षक चित्रे उत्क्रांत करतात’ हेही टाळावे, कारण प्रेक्षक फक्त निवडतो. संकर आणि उत्परिवर्तन संगणक करतो. ‘निर्मित’ आणि ‘जनित’ दोन्ही चालतील, पण पिढ्यांची भाषा असताना मला ‘जनित’ जवळचा वाटतो. ‘सहभाग’ मोघम आहे, ‘निवड’ नेमकी.

तेव्हा फलकावर: ‘प्रेक्षकांच्या निवडीतून उत्क्रांत होत जाणारी संगणकजनित अमूर्त चित्रे’.

फलकाखालच्या मजकुरात ऱ्हस्व-दीर्घ सांभाळा: सुटा शब्द ‘उत्क्रांती’, समासात ‘उत्क्रांतिवाद’, ‘उत्क्रांतिप्रक्रिया’.