दोन शपथपत्रांमधली पाच वर्षं

चि. नव्या बातमीदारास,
अनेक आशीर्वाद.

खासदारांवर मोठा लेख करायचाय, सुरुवात कुठून करू, असं विचारलंस. मुलाखतीपासून करू नकोस, ती अगदी शेवटी. आधी त्यांनी निवडणुकीच्या अर्जासोबत जोडलेलं, मालमत्ता, कर्जं आणि गुन्हे यांची माहिती देणारं नमुना 26 चं शपथपत्र डाउनलोड कर, आणि एकच नाही, मिळतील तितक्या निवडणुकांची सगळी. एकट्या शपथपत्रातून फारसं हाती लागत नाही. दोन शेजारी ठेवली की प्रश्न सुचायला लागतात.

हे कागद आपल्याला सुखासुखी मिळालेले नाहीत. उमेदवारांनी मालमत्ता आणि गुन्हे जाहीर करावेत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्ये दिला, सरकारने कायद्यात दुरुस्ती करून तो बोथट करून पाहिला, आणि 2003 मध्ये न्यायालयाने ती पळवाट बंद केली. त्याआधी आम्ही लिहायचो ते बहुतेक ऐकीव. अमक्याचा पेट्रोल पंप, तमक्याची बेनामी जमीन. 2019 पासून तर आयकर विवरणपत्रांत दाखवलेलं पाच वर्षांचं उत्पन्नही द्यावं लागतं.

आता माझी फजिती सांगतो. एका खासदारांची मालमत्ता पाच वर्षांत पावणेतीनपट झाली, असा मथळा मी मोठ्या हौसेने दिला होता. तिसऱ्या दिवशी त्यांच्या कार्यालयातून फोन आला. आवाज शांत होता. ‘साहेब, गट नंबर बघितलात का?’ नव्हता बघितला. दोन्ही शपथपत्रांत जमिनीचा गट तोच, क्षेत्र तेच, खरेदीची किंमतही तीच. बदलला होता फक्त ‘सध्याची अंदाजे बाजारभाव किंमत’ हा रकाना, कारण मधल्या काळात शेजारून महामार्ग गेला होता. खुलासा छापावा लागला. संपादक आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत, आणि त्यांचं काही चुकलं नाही.

तेव्हा एकूण आकडा सोड, ओळ धर. जमिनीच्या तक्त्यात ती वडिलोपार्जित आहे की स्वतः घेतलेली, केव्हा घेतली, कितीला घेतली, हे सगळं लिहिलेलं असतं. वाढलेला भाव वेगळा आणि नव्याने घेतलेला गट वेगळा. नवा गट दिसला की सातबारा काढ, फेरफार बघ, जमीन कोणाकडून आली ते शोध. रस्ता किंवा एमआयडीसी जाहीर होण्याआधी घेतली की नंतर, ही तारीख मिळाली तर अर्धा लेख झालाच म्हणून समज.

जमिनीइतकंच लक्ष दिलेल्या आणि घेतलेल्या कर्जांवर ठेव. तिथे घरातल्याच माणसांची आणि कंपन्यांची नावं दिसतील: पत्नीने संस्थेला दिलेलं कर्ज, मुलाच्या कंपनीकडून घेतलेलं कर्ज. यात बेकायदा काहीच नसेल. पण पैसा घरात कसा फिरतो, ते इथे दिसतं. आणखी एक. शेतीचं उत्पन्न करमुक्त असल्याने विवरणपत्रातल्या करपात्र आकड्यात ते धरलेलं नसतं. त्यामुळे ‘उत्पन्न एवढंसं आणि बंगला केवढा’ असं लिहिण्याआधी दहा वेळा विचार कर.

पगाराचा हिशेब मात्र बेधडक मांड. खासदाराचं वेतन सध्या महिना 1 लाख 24 हजार, म्हणजे पाच वर्षांचे साधारण 74 लाख 40 हजार. भत्ते वेगळे. आणि महाराष्ट्रात लोकसभेच्या उमेदवाराला निवडणुकीत खर्चाची मुभा आहे 95 लाखांची. पैसे पक्षाकडून, देणगीदारांकडूनही येतात, हे खरं. तरी हे दोन आकडे एका वाक्यात आले की वाचक थांबतो. मीही थांबलो होतो.

‘खासदारांना वर्षाला पाच कोटी मिळतात’ हे वाक्य तुझ्या लेखात दिसलं तर मला फार वाईट वाटेल. ते पाच कोटी म्हणजे स्थानिक विकास निधी, तो त्यांच्या खात्यात येत नाही. ते काम सुचवतात, मंजुरी जिल्हा प्रशासन देतं. सुचवलेली किती, पूर्ण झालेली किती, हे जिल्हाधिकारी कार्यालयात विचार. सभामंडपंच जास्त निघतात, बघच.

संसदेतली हजेरी आणि प्रश्नांची संख्या छापून मोकळं होऊ नकोस. मंत्री झालेला खासदार प्रश्न विचारत नाही, हजेरीपटावर सहीही करत नाही, म्हणजे तिथलं शून्य फसवं. बाकीच्यांचे प्रश्न मोजण्यापेक्षा वाच. मतदारसंघात कांदा सडतोय आणि प्रश्न सगळे एकाच उद्योगाच्या परवान्यांवर, असं दिसलं तर थांब.

गुन्ह्यांचं थोडक्यात. जमावबंदी मोडून रास्ता रोको केल्याचा गुन्हा आणि फसवणुकीचा गुन्हा एकाच बेरजेत घालू नकोस. आरोप निश्चित झालेत का, ते शपथपत्रातच लिहिलेलं असतं.

आता मुलाखत. आकडे विचारायला जाऊ नकोस, ते तुझ्याकडे असतीलच. आधीच्या शपथपत्रात व्यवसाय नुसता ‘शेती’ असेल आणि नंतरच्यात ‘शेती व व्यापार’, तर तो व्यापार कधी आणि कशाचा सुरू झाला, एवढंच विचार. मग उत्तर येईपर्यंत गप्प बस. समोरचा अडखळला की मधेच शब्द पुरवायची तुझी सवय मला ठाऊक आहे.

कच्चा मसुदा रविवारपर्यंत पाठव, गट नंबरांसकट.

तुझा,
जुना वृत्तसंपादक