ठाण्यातल्या वृद्धाश्रमात सर्दी-खोकल्याची साथ आली आहे, मावशींनी कोणता मास्क कधी लावायचा?

साधा तीन पदरी सर्जिकल मास्क पुरतो. टीबीचा संशय असेल किंवा नेब्युलायझर चालू असेल तिथे मात्र एन-९५ हवा. कापडी मास्क नको.

लोकलमध्ये घातलेला मास्क दारातच टाकायचा आणि हात धुऊन नवा घालायचा. रंगीत बाजू बाहेर, तार नाकावर दोन बोटांनी दाबून बसवायची, खालचा भाग हनुवटीखाली. इथल्या पावसाळ्यात मास्क लवकर दमट होतो. ओलसर लागला की बदलायचा, तास मोजत बसायचं नाही.

खरी गडबड होते ती भरवताना. आजोबांच्या तोंडावर मास्क नसतो, चेहरा हातभर अंतरावर, आणि नेमकं तेव्हाच बोलता यावं म्हणून मावशींचा मास्क हनुवटीवर उतरतो! पुढच्या खोलीत जाण्याआधी पुढून हात न लावता, कानामागून काढून झाकणाच्या डब्यात टाकायचा, मग सॅनिटायझर हात कोरडे होईपर्यंत चोळायचं.

खोकणाऱ्या आजी-आजोबांनाही मास्क द्या, पण दम लागणाऱ्यांना किंवा स्मृतिभ्रंश असलेल्यांना जबरदस्ती नको. त्यांच्या खोलीची खिडकी उघडी ठेवा. कानामागे श्रवणयंत्र असेल तर डोक्यामागे बांधायच्या नाड्यांचाच मास्क घ्या, नाहीतर मास्कबरोबर यंत्रही कचऱ्यात जातं.