मेंब्रेन पुन्हापुन्हा का तुंबते?

प्रश्न : आमच्या वाघोलीतील सोसायटीत बोअरचे आणि उन्हाळ्यात टँकरचे पाणी आरओ संयंत्रातून शुद्ध करून पिण्यासाठी देतात. नवे मेंब्रेन (क्षार अडवणारा पातळ पडदा) बसवले तरी काही महिन्यांत धार बारीक होते. देखभाल करणारे पंपाचा दाब वाढवायला सांगतात. ते योग्य आहे का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : दाब वाढवू नये. काही दिवस धार सुधारल्यासारखी वाटेल. परंतु पाणी जितक्या जोराने मेंब्रेनमधून रेटले जाईल, तितके क्षार आणि गाळ त्याच्या पृष्ठभागाशी अधिक दाटतील, आणि जो थर साध्या धुण्याने निघाला असता, तोही दाबून घट्ट बसेल.

आधी मेंब्रेनवर नेमके काय साचते आहे, ते शोधावे. आपल्याकडील बेसाल्टच्या भेगांतून झिरपलेल्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम, बायकार्बोनेट आणि सिलिका विरघळलेली असतात, म्हणून बोअरच्या पाण्याबाबत पहिला संशय क्षारांचा घ्यावा. संयंत्रात येणाऱ्या पाण्यापैकी 75 टक्के शुद्ध पाणी म्हणून काढून घेतले, तर टाकाऊ पाण्यातील क्षार जवळजवळ चौपट होतात. 50 टक्केच काढले तर दुप्पट. पाणी पुढे सरकते तसे ते अधिकाधिक क्षारयुक्त होते, त्यामुळे मेंब्रेन एकापुढे एक जोडलेली असतील तर क्षारांचा थर बहुधा शेवटच्या मेंब्रेनवर आधी बसतो, तर गाळ आणि जिवाणूंचा बुळबुळीत थर पहिल्यावर. दोन्ही टोकांची मेंब्रेन उघडून पाहण्याचा आग्रह धरावा.

जिवाणूंचा थर सर्वांत चिवट असतो. आरओमधील पॉलिअमाइड या प्लास्टिकचे मेंब्रेन क्लोरीनमुळे कायमचे खराब होते, म्हणून क्लोरीन आधीच काढून टाकावा लागतो. पण तो गेला की जिवाणूंना अटकाव उरत नाही, आणि त्यासाठी बसवलेल्या कार्बन फिल्टरमध्येच ते वाढू लागतात. या फिल्टरकडे सोसायट्यांचे फार दुर्लक्ष होते, आणि मला ही बाब मेंब्रेनच्या किमतीपेक्षा अधिक चिंतेची वाटते.

धुण्याचा क्रमही महत्त्वाचा आहे. थर मिश्र असेल किंवा कशाचा ते ठरत नसेल, तर आधी अल्कलीयुक्त द्रावणाने सेंद्रिय थर सैल करावा आणि नंतर सायट्रिक आम्लाने क्षार काढावेत. आम्ल आधी वापरल्यास सेंद्रिय थर उलट घट्ट होऊ शकतो. केवळ कॅल्शियम कार्बोनेटच असल्याची खात्री असेल तरच आम्लाने सुरुवात करावी. पाण्याचा प्रवाह 10 ते 15 टक्क्यांनी घटताच धुवावे. अर्ध्यावर येईपर्यंत थांबल्यास पूर्वीची धार बहुधा परत मिळत नाही. मात्र तुलना सारख्याच दाबाची आणि तापमानाची हवी, कारण पाणी एका अंशाने गार झाले तरी प्रवाह सुमारे 3 टक्क्यांनी कमी होतो. डिसेंबरात बारीक झालेली धार केवळ थंडीचीही असू शकते.

दरम्यान शुद्ध पाण्याचे प्रमाण कमी ठेवावे, अँटिस्केलंटची (क्षारांचा थर बसू न देणाऱ्या रसायनाची) मात्रा प्रयोगशाळेच्या अहवालावरून ठरवून घ्यावी आणि वाढलेले टाकाऊ पाणी शौचालयातील फ्लशसाठी वेगळ्या टाकीत साठवावे.