सासूबाईंना खालच्या जागेची दोन वर्षांची खाज, पांढरे डाग आणि आता जखम: तुकडा तपासायला द्यावा का?

ताई, द्या, आणि याच आठवड्यात. सासूबाई ६४ वर्षांच्या, कातडी पांढरी पडलेली, त्यात महिनाभर न भरणारी जखम. डॉक्टर बायोप्सी सांगतायत आणि घरचे म्हणतायत, हात लावला की कॅन्सर पसरतो. मी तालुक्याच्या गावी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, हे मला घरोघरी ऐकायला मिळतं. तुकडा काढल्याने तो पसरत नाही. मलमं बदलत बसलं की मात्र त्याला वाढायला वेळ मिळतो.

बायोप्सीला पोट उघडावं लागत नाही. जागा बधिर करायचं इंजेक्शन क्षणभर झोंबतं, मग जखमेच्या कडेचा तीन-चार मिलिमीटरचा तुकडा घेतात, लागला तर एखादा टाका, आणि बाई त्याच दिवशी घरी. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधी सांगा. पॅप टेस्ट नॉर्मल आली म्हणून निर्धास्त राहू नका, ती गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी असते.

तुमच्या वर्णनावरून मला लायकेन स्क्लेरोसस या कातडीच्या आजाराची शंका येते. पाळी गेल्यावर बऱ्याच जणींना होतो. कातडी चुरगळलेल्या कागदासारखी पातळ, पांढरट होते, खाज रात्री जास्त, आतल्या पाकळ्या झिजून चिकटत जातात. तो संसर्ग नाही, अस्वच्छतेमुळेही होत नाही, हे सासूबाईंना आवर्जून सांगा, कारण लाजेपोटीच बायका वर्षानुवर्षं गप्प बसतात. यात फार तर शंभरातल्या पाचेक जणींना पुढे कॅन्सर होतो, पण न भरणारी जखम, जाड खरखरीत चट्टा किंवा गाठ दिसली की नुसत्या नजरेवर विसंबायचं नाही. तरुण बायकांत वाट वेगळी असते: तिथे बहुधा एचपीव्ही विषाणू, विशेषतः १६ नंबरचा, पेशी बिघडवतो. मुलींना एचपीव्हीची लस द्या म्हणते ते यासाठीही.

मेडिकलवरून आणलेली बुरशी-जंतू-स्टेरॉईड अशी मिसळ मलमं आता बंद करा. लायकेनवरचा खरा उपाय स्टेरॉईडच आहे, क्लोबेटासोल, पण निदान पक्कं झाल्यावर: पहिला महिना रोज रात्री थोडंसं, मग हळूहळू कमी. नेमाने लावलं तर खाज थांबते आणि कॅन्सरचा धोकाही घटतो.

रिपोर्टमध्ये कॅन्सरआधीचे बदल निघाले तर बहुधा तेवढी कातडी काढतात. कॅन्सरच निघाला तर किती खोल गेलाय ते विचारा. एक मिलिमीटरपर्यंतच असेल आणि गाठ दोन सेंटिमीटरच्या आत, तर सहसा जांघेला हात लावावा लागत नाही. त्याहून खोल असेल तर जांघेतली अवधाणं, म्हणजे लसिकाग्रंथी, तपासावी लागतात. मूळ गाठ एकच, चार सेंटिमीटरपेक्षा लहान आणि जांघ साफ असेल तर रोग जिथे आधी पोचतो ती फक्त पहिली एक-दोन अवधाणं काढून पाहता येतात. सगळी काढली तर पाय कायमचा सुजण्याची भीती असते, म्हणून ही सोय जिथे आहे अशा ठिकाणी, म्हणजे स्त्रियांच्या कॅन्सरचे सर्जन असलेल्या रुग्णालयात जा. परळचं टाटा आहेच. अवधाणांत रोग निघाला तर बऱ्याचदा पुढे रेडिएशन द्यावं लागतं.

आणि रिपोर्ट साधा आला तरी दर सहा महिन्यांनी दाखवा. मधल्या काळात महिन्यातून एकदा आरसा धरून पाहायला सासूबाईंना शिकवा.