टाळेबंदी, आणीबाणी आणि मूलभूत हक्क : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : २०२० मध्ये देशात एक प्रकारे आणीबाणीच होती, त्यामुळे मूलभूत हक्क आपोआप स्थगित झाले होते, असं ऐकलं. खरं आहे का?

उत्तर : नाही. राज्यघटनेच्या कलम ३५२ची आणीबाणी युद्ध, परकीय आक्रमण किंवा सशस्त्र उठाव या कारणांवरूनच लावता येते. ‘अंतर्गत अशांतता’ हे जुनं कारण १९७८च्या ४४व्या घटनादुरुस्तीने काढून टाकलं. साथीचा रोग या यादीत कधीच नव्हता. टाळेबंदीचा २४ मार्च २०२०चा केंद्राचा आदेश निघाला तो आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ खाली. राज्यांनी हाताशी घेतला १८९७चा साथरोग कायदा. प्लेगच्या धामधुमीत केलेला हा कायदा मुळात इनमीन चार कलमांचा. त्यात अधिकाऱ्यांना संरक्षण आहे, नागरिकांच्या हक्कांबद्दल चकार शब्द नाही.

पण हे दोन्ही साधे कायदे आहेत. त्यांनी हक्क स्थगित होत नाहीत, फक्त निर्बंध घालता येतात, आणि ते वाजवी आहेत का हे न्यायालय तपासू शकतं. खरीखुरी आणीबाणी लागली तरी कलम २० (गुन्हा आणि शिक्षेबाबतचं संरक्षण) आणि २१ (जीवित व व्यक्तिस्वातंत्र्य) यांची अंमलबजावणी थांबवता येत नाही. तीही ४४व्या दुरुस्तीचीच कमाई.

प्रश्न : मग साथीचं कारण देऊन कारखान्यांत बारा-बारा तास काम करून घेतलं, ते कायदेशीर होतं का?

उत्तर : गुजरातचं प्रकरण पाहा. १७ एप्रिल २०२०च्या अधिसूचनेने रोजचे ९ तासांऐवजी १२ तास आणि आठवड्याचे ४८ऐवजी ७२ तास करण्याची मुभा दिली, आणि जादा कामाला दुप्पट नव्हे, साध्या दरानेच मजुरी. आधार घेतला कारखाना अधिनियम, १९४८च्या कलम ५चा, म्हणजे ‘सार्वजनिक आणीबाणी’त कारखान्यांना कायद्यातून सूट देण्याच्या तरतुदीचा. घोळ इथेच झाला. युद्ध, परकीय आक्रमण किंवा अंतर्गत अशांततेमुळे देशाच्या सुरक्षेला धोका, अशी त्या शब्दाची व्याख्या कलमातच दिलेली होती. साथीने अर्थव्यवस्था कोलमडली तरी ती या व्याख्येत बसत नाही, असं म्हणत सर्वोच्च न्यायालयाने १ ऑक्टोबर २०२० रोजी अधिसूचना रद्द केली आणि अधिसूचनेच्या तारखेपासूनचा जादा कामाचा मोबदला कलम ५९प्रमाणे, म्हणजे दुप्पट दराने, द्यायला सांगितलं. मात्र अशा आदेशानंतर दावा उभा राहतो तो हजेरीपट आणि पगारचिठ्ठीवर. त्यांच्या प्रती तेव्हाच्या तेव्हा ठेवलेल्या बऱ्या.

प्रश्न : संचारबंदी मोडली म्हणून कलम १८८खाली गुन्हा नोंदवला होता. नुसत्या पोलिसांच्या दोषारोपपत्रावर खटला चालतो का?

उत्तर : चालू नये. भारतीय दंड संहितेच्या कलम १८८च्या, म्हणजे लोकसेवकाचा आदेश मोडल्याच्या, गुन्ह्याची दखल घ्यायला संबंधित लोकसेवकाची किंवा त्याच्या वरिष्ठाची लेखी तक्रार न्यायालयासमोर लागते, असं फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १९५ सांगतं. आता हीच कलमं भारतीय न्याय संहितेत २२३ आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत २१५ अशी आहेत. प्रकरणाच्या प्रमाणित नकला काढा आणि त्यात ही तक्रार आहे का, ते आधी बघा. नसेल तर वकिलामार्फत हा आक्षेप सुरुवातीलाच घ्या. आपत्ती व्यवस्थापन कायद्याचं कलम ५१ही (त्या कायद्याखालचे आदेश न पाळणं) लावलं असेल तर त्याच कायद्याचं कलम ६० वाचा : तिथेही प्राधिकरणाची किंवा सरकारची तक्रार हवी, नाहीतर किमान ३० दिवसांची नोटीस देऊन केलेली तक्रार.